ओपन सर

तहसीलसमोर झेरॉक्सची दहा दुकानं असली तर नऊ ठिकाणी गर्दी असते आणि दहाव्या ठिकाणी तत्त्व. हे दहावं दुकान ओपन सरांचं. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, कुठंही जा, हा माणूस आहेच. पण अस्सल नमुना औंढा नागनाथचा. 'सर' ते कुठल्याच शाळेत नाहीत. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आपल्याकडं सगळं ओपन आहे." जातीच्या दाखल्यासाठी आलेला माणूस हे ऐकून गुपचूप शेजारच्या दुकानात जातो.

विंडोजऐवजी चालणाऱ्या उबुंटूची सीडी पोस्टानं फुकट घरपोच यायची, त्या काळात सरांनी ओपन सोर्सची दीक्षा घेतली. फुकट आलेल्या वस्तूवर एवढी निष्ठा मी दुसरी पाहिली नाही. पुढं कळलं की उबुंटूला सोर्स कोड झाकलेले, बंदिस्त ड्रायव्हर चालतात. सर तडक त्याहून सोवळ्या डेबियनवर गेले. तर २०२२च्या ऑक्टोबरात डेबियनवाल्यांनीच मतदान घेऊन ठरवलं, की वायफायबियफायला लागणारं बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचं. त्या दिवशी सरांनी दुखवटा म्हणून दुकान बंद ठेवलं. गावात कुणाला पत्ता लागला नाही.

हळदीच्या एका अडत्यानं टॅली मागितली, तेव्हा सरांनी ग्नूकॅश उघडून तासभर समजावून सांगितलं. अडत्या चहा पिऊन गेला तो गेलाच. पण खरी गंमत अंगठ्याच्या यंत्राची. सरांकडच्या यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोजपुरतंच.

"सर, अंगठा उठंना का?"

"अंगठा ठीक आहे हो मामा, ड्रायव्हर बंदिस्त आहे."

"मग सोडवा की त्याला."

"कंपनीनं सोर्स कोड दिला की लगेच. पत्र टाकलंय."

"कव्हा?"

"झाली चार वर्षं."

यात सरांचाही फार दोष नाही, ही त्या गावची हवा आहे. नामदेवांना देवळामागं जाऊन कीर्तन करायला लावलं, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं, ही कथा औंढ्यात पोरंही सांगतात. नंदी मागच्या बाजूला असल्याचा पुरावा देतात. सरांचा हिशोब तोच. आपण टर्मिनलपुढं बसून राहावं, कंपनी वळेल. दाखलाही तयार असतो: २०१२ साली फिनलंडमध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं भर सभेत ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं आणि २०२२च्या मेमध्ये त्याच कंपनीनं आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. दहा वर्षांत देऊळ थोडं तरी फिरलं! मामांच्या अर्जाची शेवटची तारीख मात्र उद्या असते.

एका बाबतीत सरांपुढं हात जोडावेत. वीस वर्षांपूर्वी जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेलं वाटणीपत्र घेऊन कुणी येतो. तो फॉन्ट आता कुणाकडं नसतो, फाइल उघडली की पडद्यावर मुंग्यांची रांग. नऊ दुकानं म्हणतात, पुन्हा टाइप करा. सर मात्र कोणतं अक्षर कुठल्या चिन्हाआड दडलंय ते शोधतात, चार ओळींचा प्रोग्रॅम लिहितात आणि सगळा मजकूर युनिकोडमध्ये काढून देतात. दहा रुपये घेतात. स्वातंत्र्यावरचं व्याख्यान फुकट. कुलूप दुसऱ्याचं असलं की आपलंच कपाट उघडत नाही, हे त्या दिवशी वाटणीपत्रवाल्याला पटतं.

तरी माझं मत डेबियनच्या बाजूचं. ज्याच्यावाचून यंत्र चालत नाही ते बंदिस्त असलं तरी घ्यावं, फक्त त्याचा कप्पा वेगळा ठेवावा आणि हे बंदिस्त आहे असं तोंडावर सांगावं. डेबियनवाले हेच करतात. सरांना हे सांगून पाहिलं. त्यांनी माझ्या पेनड्राइव्हला हात लावायचं सोडलं.

तुम्ही औंढ्याला गेलात आणि अंगठा द्यायचा असला, तर सरांशी वाद घालू नका. दुकानाच्या मागच्या दारानं जा. तिथं वहिनी विंडोजचा लॅपटॉप घेऊन बसतात, आणि दुकानाचं भाडं त्याच भरतात.