सचोटीतून सूट

कुठल्याही मोठ्या कंपनीच्या स्वागतकक्षात काचेवर चार-पाच मूल्यं लिहिलेली असतात. त्यांनाच हल्ली ‘कल्चर’ म्हणतात. पण कल्चर ओळखायचं तर काच वाचून भागत नाही. नियमातून सूट कोणाला मिळते आणि तोंड उघडणाऱ्याचं काय होतं, ते पाहावं. एन्‍रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीचंच घ्या. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही तिची चार मूल्यं. त्यातल्या आदराची ओळख गुहागरकरांना लवकर झाली. तिथल्या तिच्या दाभोळ वीजप्रकल्पाविरुद्ध आंदोलन करणाऱ्यांवर ज्या पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्यांच्या बंदोबस्ताला कंपनी पैसे पुरवत होती, असं ह्यूमन राइट्स वॉचने १९९९च्या अहवालात नोंदवलं. सचोटीचं प्रकरण त्याहून सुरस आहे. कंपनीचे वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांना स्वतःच्या भागीदारी संस्था काढून आपल्याच कंपनीशी व्यवहार करायचे होते आणि आचारसंहिता आडवी येत होती. तेव्हा संचालक मंडळाने १९९९मध्ये त्यांना तिच्यातून रीतसर सूट दिली. तीही दोनदा. उपासाला साबुदाणा चालतो, त्या चालीवर. पुढच्याच वर्षी चौसष्ट पानांची आचारसंहिता छापून कर्मचाऱ्यांच्या हाती ठेवली. साबुदाण्याचा उल्लेख अर्थातच तीत नव्हता.

एन्‍रॉन हा अपवाद, असं मनुष्यबळ विभाग म्हणेल. मग नावातच सत्य असलेल्या हैदराबादच्या कंपनीला २००८मध्ये सुशासनाचा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००९मध्ये तिच्याच अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याचं लिहून दिलं, तोही अपवादच मोजू. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: मूल्यं लिहिलेली असली, की निदान बोट दाखवायला जागा राहते. खरं आहे. एन्‍रॉनच्या उपाध्यक्ष शेरॉन वॉटकिन्स यांनी ऑगस्ट २००१मध्ये बोट दाखवलंच. हिशेबातल्या चलाख्या त्यांनी अध्यक्ष केनेथ ले यांच्या कानावर घातल्या. महिना उलटायच्या आत कंपनीच्या बाहेरच्या वकिलांचं टिपण आलं. अशा तक्रारदाराला नोकरीवरून काढलं तर टेक्सासचा कायदा तिला संरक्षण देत नाही, असा त्याचा आशय. संवाद या मूल्याचं याहून चोख भाषांतर कोणाला जमेल? वॉटकिन्सबाईंची नोकरी टिकली, कंपनी टिकली नाही. २ डिसेंबर २००१ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. आचारसंहितेची एक प्रत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवली आहे.