आमचा बैल आपल्या दावणीला : एका गाडामालकास खुले पत्र

प्रति,
मा. गाडामालक साहेब,
(नाव मुद्दाम घातले नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत आपल्यासारखे पुष्कळ आहेत. एकाचे नाव छापले तर बाकीच्यांना अपमान वाटायचा.)

विषय : आमच्या आळीतला बैल खरेदी केल्याबद्दल आभार व एक किरकोळ मागणी.



आमच्या आळीतल्या शेतकऱ्याचा बैल आपण नेलात, हे कळले. न कळायला काय झाले? टेम्पोपुढे डीजे, बैलाच्या पाठीवर झूल, रस्ताभर भंडारा. आळंदीत रोज इतकी लग्ने लागतात की वरातीकडे कुणी मान वळवून पाहत नाही. पण या वरातीतला नवरदेव शिंगांचा असल्यामुळे देहूफाट्यापर्यंत लोक थांबून बघत होते. पूर्वी चाकणच्या शनिवारच्या बाजारात हेडी लोक उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवायचे. शेजारी उभ्या असलेल्यालासुद्धा आकडा कळायचा नाही. आपण आकडा आधी रीलवर टाकलात आणि बैल नंतर नेलात. व्यवहारात एवढी पारदर्शकता आमच्या तालुक्यात जमिनीच्या सौद्यातही कधी दिसली नव्हती.

विकणाऱ्यावर आम्ही रागावलो आहोत असा आपला समज नसावा. त्याने शहाणपण केले. शर्यतीच्या बैलाला कडबा टाकून भागत नाही. गहू-हरभऱ्याचा भरडा लागतो, दूध लागते, अंडी लागतात, हौस असेल तर बदामही. पोहणीला घालायचा तर दारातली इंद्रायणी आहे, पण कारखान्यांच्या आणि गटारांच्या कृपेने तिच्यावर फेस इतका असतो की बैल पांढरा होऊन वर येईल, आणि तो तर मुळातच पांढरा. मग दुसऱ्याची विहीर-तळे शोधा. शर्यतीच्या प्रत्येक घाटाला टेम्पोचे भाडे, टोकनचे पैसे, सोबतच्या पोरांचे चहापाणी. शिवाय आपल्याकडच्या घाटात गाड्याला चार बैल लागतात आणि पुढे घोडी लागते. आमच्या माणसाचा बैल एकच; उरलेले तीन, तीन वेगळ्या गोठ्यांतले. म्हणून या चौघांची बारी आली की निवेदक तीन-चार गावांची नावे एका दमात पुकारायचा आणि लोक हसायचे. चौघांची चाल जुळली तर बारा-तेरा सेकंदांत घाट संपतो. या बारा-तेरा सेकंदांसाठी वर्षभराचा खर्च. आणि खुराला एक दगड लागला, पाय मुरगळला, की लाखांचा बैल हजारांवर येतो. पळायचे वय तरी केवढे? चौसा झाला की तेजीत, जुळला की पुढची चार-पाच वर्षे, मग उतार. तेजीत असताना विकावा हे हिशेबाला धरूनच आहे.

या अडचणीत तो एकटा नाही, हे त्याला समजावे म्हणून आम्ही पार अमेरिकेपर्यंत चौकशी केली. तिकडे बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात क्लीव्हलँड हे मध्यम ऐपतीच्या शहरातले घराणे. त्यांनी फ्रान्सिस्को लिंडोर नावाचा पोरगा कोवळ्या वयापासून सांभाळून तयार केला. तो चमकला, आणि पुढच्या कराराला लागणारा पैसा आपल्याला झेपणार नाही हे दिसल्यावर त्यांनी जानेवारी २०२१मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या मेट्स संघाला देऊन टाकले. तीन महिन्यांच्या आत मेट्सने त्याच्याशी दहा वर्षांचा ३४ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. क्लीव्हलँडचे प्रेक्षक हळहळले, जसे आमच्या पारावर लोक हळहळले. (तिकडचे ‘आम्हाला परवडत नाही’ म्हणणारे मालकही अब्जाधीश असतात, ही गंमत वेगळी. आमचा माणूस परवडत नाही म्हणतो तेव्हा सोसायटीचे कर्ज थकलेले असते.)

पण तिथे एक रीत आहे. तेजीतला खेळाडू देताना बदल्यात कोवळे, अजून नाव न झालेले खेळाडू घेतात. क्लीव्हलँडने लिंडोर आणि त्याच्याबरोबर एक गोलंदाज दिला, आणि चार खेळाडू घेतले. त्यांतला आंद्रेस हिमेनेस पुढच्याच वर्षी नावारूपाला आला आणि २०२२मध्ये क्लीव्हलँडने आपला गट जिंकला. म्हणजे दावण रिकामी झाली नाही. शिवाय श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला काही भाग गरीब संघांकडे वळवण्याची सोय त्यांच्या नियमांत आहे. आपण बैल नेताना बदल्यात एखादा आदत खोंड ठेवून गेलात का? नाही. सेल्फी ठेवून गेलात. तो आम्ही जपून ठेवला आहे.

साहेब, आपल्या घाटावर आम्ही नेहमी येतो. २०१४ची आठवण आपल्यालाही असेल. ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर आमचे गाडेही थांबले. २०१७मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, तरी उच्च न्यायालयाने गाडे पळू दिले नाहीत. परवानगी मिळाली ती थेट १६ डिसेंबर २०२१ला. मधली साडेसात वर्षे बैल दावणीला बसून खात होते. ज्यांची जमीन कारखान्यांत आणि प्लॉटिंगमध्ये गेली होती आणि ज्यांच्याकडे तिचे पैसे होते, त्यांना बसलेला बैल जड नव्हता. ज्यांच्याकडे दोन एकर आणि बैल एवढेच होते, त्यांतल्या पुष्कळांनी बैल विकले. काहींनी तरीही ठेवले, नुसते ठेवले नाहीत, गाय ठेवली, खोंड वाढवले, कारण शर्यत आज ना उद्या सुरू होईल अशी त्यांची खात्री होती. ती झाली. फेब्रुवारी २०२२मध्ये निमगावच्या खंडोबाच्या घाटात खासदार अमोल कोल्हे यांनी दिलेला शब्द पाळत गाड्यापुढे घोडी पळवली. त्याच उन्हाळ्यात चिखलीच्या मैदानात आमदार महेश लांडगे यांच्या पुढाकाराने शर्यत झाली आणि पहिल्या बक्षिसाला जेसीबी लागला. पुढे सांगलीकडे पैलवान चंद्रहार पाटलांनी बक्षिसात थार दिली, मग फॉर्च्युनर. भंडाऱ्याची पिशवी आणि मानाचा फेटा यांच्यावर समाधान मानणारी आमची पिढी तोंडात बोट घालून बघत राहिली.

जेसीबी हे बक्षीस कुणाला सुचले असेल, याचा आम्ही फार विचार केला. दोन एकरवाला तो घेऊन काय उकरणार? डिझेल कोण घालणार? मग कळले, बक्षीस बरोबरच निवडलेले आहे. ते त्यालाच मिळणार, ज्याच्या दारात आधीचे तीन जेसीबी उभे आहेत. चौथा मिळाला की बैल चारणाऱ्याच्याच गावात पुढचे प्लॉटिंग लवकर उरकते, म्हणजे बक्षीस फिरून गावाच्याच कामी आले म्हणायचे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ची ती दुरुस्ती कायम ठेवली. हा सांस्कृतिक वारसा आहे की नाही हे ठरवणे विधिमंडळाचे काम, असे न्यायालय म्हणाले. आणि विधिमंडळात, मोर्चांत, वाहिन्यांवर, आपल्याही भाषणात, एकच वाक्य होते : शर्यत टिकली तर खिल्लार टिकेल, खिल्लार टिकली तर शेतकरी टिकेल. आम्हीही टाळ्या वाजवल्या. फक्त एक विचारायचे राहून गेले. खिल्लार टिकते कुठे? घाटात? घाटात गाय येत नाही, साहेब. खिल्लार गाय जेमतेम आपल्या वासरापुरते दूध देते. डेअरीवाला तिच्याकडे बघत नाही. तरी तो माणूस ती पोसतो. तिला कालवड झाली तर पुन्हा वर्षभर वाट. खोंड झाला तर तीन वर्षे वाढवायचा, शिकवायचा, आणि मग कळते की तो पळत नाही. असे पाच खोंड वाढवावेत तेव्हा एखादा घाटाचा राजा निघतो. पळणारा आपण नेता आणि भाव चांगला देता, त्याबद्दल तक्रार नाही. पण न पळणारे चार कुठे जातात, त्यांचा चारा कुणाच्या खात्यावर पडतो, हे आपल्या रीलमध्ये कुठे दिसले नाही. आपण बैल घेतला नाही, साहेब, निकाल घेतला. जोखीम आमच्याकडेच राहिली आणि संस्कृती आपल्याकडे गेली.

फुटबॉलवाल्यांना हे आपल्या आधी कळले. त्यांच्या जागतिक संघटनेचा नियम आहे : खेळाडू करार चालू असताना दुसऱ्या देशातल्या क्लबाला विकला गेला की मोबदल्यातले पाच टक्के बाजूला काढायचे आणि तो बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबात शिकला, त्यांच्यात वाटायचे. पुढे पुन्हा विकला, पुन्हा वाटायचे. त्यामुळे ब्राझीलमधल्या एखाद्या लहान गावातल्या क्लबालाही आपल्या पोरासाठी कित्येक वर्षांनंतर पैसे येतात. बैलाला बारावे वर्ष लागते तेव्हा तो निवृत्त असतो, हे आम्हाला ठाऊक आहे. आकडे आपण आपले बसवू.

आमची मागणी म्हणूनच किरकोळ आहे. जो बैल दोनदा-तीनदा विकला जातो, त्याच्या प्रत्येक विक्रीत थोडा वाटा त्याला वाढवणाऱ्या गोठ्याला जावा. मोठ्या बक्षिसाच्या शर्यतीत संयोजकांनी एक बक्षीस पळणाऱ्या बैलाच्या आईच्या मालकाला द्यावे. जेसीबी नको, कडबाकुट्टी चालेल. हे जमत नसेल तर निदान एवढे करा : बैलाचे नाव बदलू नका, आणि बारी पुकारताना आपल्या नावानंतर तो कुठल्या गावच्या गोठ्यातला, हे निवेदकाला म्हणायला सांगा. त्याला चार शब्द जास्त म्हणायला घड्याळ अडवत नाही. ते निशाण पडल्यावर सुरू होते. गाडा पहिल्या नंबरात आला की आपले नाव पंधरा वेळा घेतात, त्यातली एक वेळ कमी करा.

ही रीत आळंदीला नवी नाही. दर ज्येष्ठात माउलींच्या रथाला कुणाची जोडी लागणार याची चर्चा आधी महिनाभर चालते. मान घराण्याघराण्यांत फिरतो, पाळी आली की घरातले लोक बैल शोधत जिल्हे पालथे घालतात, आणि ‘यंदा अमक्यांची जोडी’ हे पंढरपूरपर्यंत सगळ्यांना पाठ असते. ती जोडी मूळ कुणाच्या गोठ्यातली, हे मात्र तिथेही कुणी विचारत नाही. तेव्हा हे पत्र अर्धे आमच्या गावालाही आहे. तीनशे साडेतीनशे पानांची चरित्रे आम्ही माणसांची लिहितो. पण मुक्या जनावराची नोंद ठेवावी असे आमच्याच परंपरेत एकदा झाले. वेद बोलणाऱ्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे आणि लोक तिथे नारळ फोडतात. आपण घेतलेला बैल बोलत नाही, ही आपली सोय आहे.

थोडी माहिती : त्या शेतकऱ्याने आलेल्या पैशातून आधी सोसायटीचे कर्ज भरले, मग पोरीच्या कॉलेजची फी भरली. उरलेल्या पैशात पुन्हा खिल्लार कालवड घेतली. सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात जाऊन आला, चार हेड्यांशी भांडून आला. लोक त्याला वेडा म्हणतात. तो शहाणा आहे असे मी वर लिहिले, ते बदलत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
घाटाच्या कठड्यावर बसणारा, आळंदी (देवाची), ता. खेड

ता. क. : त्याच्या गोठ्यातली जुनी गाय गाभण आहे. खोंड झाल्याचे आपल्याला कळेलच, आपली माणसे सगळीकडे आहेत. विसार घेऊन इतक्यात येऊ नका. यावेळी पहिली यात्रा त्याच्या नावाने पळू द्या.