एका बेजबाबदार बापाची चौकशी

शालेय क्रिकेटच्या मोसमात आझाद मैदानावर किंवा शिवाजी पार्कात सकाळच्या प्रहरी जो कोणी सहज डोकावेल, त्याच्या ध्यानात येईल की, पांढऱ्या पोशाखातील जी मुले मध्यभागी धावपळ करीत असतात ती केवळ निमित्तमात्र असून, खरा सामना सीमारेषेबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या मातापित्यांमध्येच चाललेला असतो. जाइल्स शील्ड चौदा वर्षांखालील मुलांची आणि हॅरिस शील्ड सोळा वर्षांखालील मुलांची. परंतु ही वयोमर्यादा मुलांपुरतीच मुक्रर केलेली असल्यामुळे चाळिशी-पंचेचाळिशीतील मंडळींना दोन्ही स्पर्धांत निर्वेधपणे भाग घेता येतो.

अशा या कर्तव्यतत्पर समाजात नुकतीच एका गृहस्थाविरुद्ध तक्रार दाखल झाली, आणि पालकांनी स्वयंस्फूर्तीने नेमलेल्या समितीने त्याची रीतसर चौकशी आरंभिली. त्या चौकशीचे दप्तर आमच्या हाती आले आहे. आरोप गंभीर आहेत. हा इसम मुलाच्या सामन्याला येतो, पण झाडाखाली बसून वर्तमानपत्र वाचतो; मुलगा फलंदाजीस आला असता ‘डोकं खाली’, ‘कोपर वर’, ‘बघून खेळ रे’ यांपैकी एकही मंत्र उच्चारीत नाही; आणि एकदा तर मुलगा पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला असता याने चक्क गोलंदाजासाठी टाळ्या वाजविल्या. परतीच्या लोकलमध्ये, जो काळ इतर पालक चुकलेल्या फटक्याच्या सविस्तर विच्छेदनात सत्कारणी लावतात, त्या काळात याने मुलाला एवढेच विचारले की, वडापाव खाणार का? आणि सर्वांवर कडी म्हणजे, ऐन मे महिन्यात सरावशिबिर सोडून मुलाला आजोळी विहिरीत पोहायला आणि सूरपारंब्या खेळायला पाठविले.

समितीची बाजू भक्कम आहे. 2024 सालच्या नोव्हेंबरात वैभव सूर्यवंशी या तेरा वर्षांच्या मुलाला आयपीएलच्या लिलावात 1 कोटी 10 लाख रुपयांची बोली लागली आणि पुढच्याच एप्रिलमध्ये त्याने 35 चेंडूंत शतक ठोकले, तेव्हापासून ज्या ज्या घरातील मुलाने तेरावे वर्ष विनालिलाव ओलांडले आहे, त्या त्या घरात जणू सरकारदेणे थकल्याची कळा पसरलेली आहे. मुलाचे वय ही मोठी द्वाड वस्तू होऊन बसली आहे. मागे काही दूरदर्शी पालकांनी त्यावरही तोड काढली होती. परंतु क्रिकेट नियामक मंडळाने मनगटाच्या हाडांची क्ष-किरण तपासणी सुरू केल्यामुळे ती वाट अरुंद झाली, कारण दाखल्यावरील जन्मतारीख वडिलांच्या आज्ञेत असते, मनगटाचे हाड नसते.

आरोपी गृहस्थाने आपला खुलासा लेखी दिला आहे. तो म्हणतो की, सचिन तेंडुलकर यांचे वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी होते, आणि मुलाला शिवाजी पार्कात रमाकांत आचरेकर सरांकडे नेले ते थोरल्या भावाने, अजितने. सबब, बापाने आपला व्यवसाय सांभाळल्याने मुलाचे नुकसान होते असे सिद्ध होत नाही. यावर समितीचा शेरा असा की, कविता करणे ही पालकत्वाची मान्य वहिवाट नसून, प्राध्यापक महाशय रोज जाळ्यामागे उभे राहते, तर शंभर शतकांची सव्वाशे झाली असती.

गृहस्थ तरीही हटला नाही. 1988 सालच्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी यांनी जी 664 धावांची अभंग भागीदारी केली, तिच्यातील एक प्रसंग त्याने पुढे केला आहे: डाव घोषित करा म्हणून साहाय्यक प्रशिक्षक सीमारेषेवरून खुणा करीत असता दोन्ही पोरांनी तिकडे पाहण्याचेच टाळले. सीमारेषेवरील वडीलधाऱ्यांकडे दुर्लक्ष करण्याची पद्धती मुंबई क्रिकेटमध्ये जुनी आणि फलदायी आहे, असा याचा निष्कर्ष! आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत आणि सचिन नाबाद राहिला तर ते त्याला मिळे, ही गोष्ट समितीने प्रलोभनाच्या समर्थनार्थ काढली, तेव्हा या गृहस्थाने उत्तर दिले की, सरांनी यष्टीवर एक रुपया ठेवला, आपण भविष्यनिर्वाह निधी ठेवला आहे, आणि फलंदाजाला ते ठाऊक आहे.

एका मुद्द्यावर मात्र समितीने त्याला बोलू दिले नाही. 2016 सालच्या जानेवारीत कल्याणला प्रणव धनावडे याने नाबाद 1009 धावा केल्या, त्याचे कात्रण अध्यक्षांनी दाखविताच याने विचारले की, ज्या संघाविरुद्ध त्या झाल्या, जो आधी 31 धावांत बाद झाला, मग 1465 धावा होईपर्यंत उन्हात चेंडू आणीत राहिला आणि पुन्हा 52 धावांत आटोपला, त्या संघातील मुलांना घरी गेल्यावर काय विचारले गेले असेल? प्रश्न कार्यक्रमपत्रिकेबाहेरचा म्हणून फेटाळण्यात आला. आमच्या मते या संपूर्ण दप्तरात विचारण्याजोगा प्रश्न तेवढाच आहे, कारण शालेय क्रिकेट खेळणारी बहुतेक सर्व मुले त्या दुसऱ्याच संघात असतात. समितीवरील एकाही पालकाने आपला मुलगा त्या संघात असू शकतो अशी शंकासुद्धा घेतलेली नाही.

वैद्यकीय पुरावा थोडक्यात आटोपण्यात आला. वाढत्या वयात विश्रांतीवाचून वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या कंबरेच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचा धोका असतो, आठवड्यातून एखादा दिवस खेळाला सुटी द्यावी आणि वर्षभर एकाच खेळाला जुंपू नये, असे डॉक्टरांनी सांगितले. समितीने आभार मानून तडा मोसम संपेपर्यंत तहकूब केला.

अखेरीस मुलाची साक्ष झाली. बाबा सामन्यानंतर काय विचारतात, या प्रश्नाला त्याने ‘मजा आली का’ असे उत्तर दिले; आणि मजा आली नाही तर, असे दरडावताच ‘मग काही नाही, पुढच्या वेळी येते’ असे सांगून मोकळा झाला. साक्षीदार फितूर झाल्याची नोंद करून समितीने असा मुचलका तयार केला की, यापुढे हा गृहस्थ वर्तमानपत्र घरी ठेवून येईल, प्रत्येक षटकागणिक निदान दोन सूचना करील आणि मुलगा लवकर बाद झाल्यास घर येईपर्यंत अबोला धरील. परंतु गृहस्थाची सही होण्यापूर्वीच अध्यक्षांचे चिरंजीव पायचीत झाले, आणि पाय नेमका कोठे होता याविषयी पंचांशी विचारविनिमय करण्यासाठी अध्यक्ष जातीने मैदानात गेले. पंचांनी दोघांनाही बाद दिल्याचे गुणलेखक सांगतो.