ऐकलंत का, डॉक्युमेंटरी बघून निघालेत!

नाव घेणार नाही, पण आमच्याच सोसायटीतलं, दोन इंजिनिअर पदरी असलेलं, चांगलं शिकलंसवरलेलं घर. शाळेच्या सुट्टीत नॉर्वेला निघालंय. २० मेचं विमान. कशाला? तर नॉर्दर्न लाइट्स बघायला! ध्रुवाकडच्या आकाशात ते हिरवे पडदे हलतात ना, ते. आणि हे डोक्यात भरवलं कुणी? डॉक्युमेंटरीनं!

शांतं पापम्! अहो, ही मंडळी ज्या ट्रॉम्सोला चालली आहेत, तिथं साधारण २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही. जिथं रात्रच होत नाही, तिथं रात्रीच्या आकाशातला खेळ कसा दिसायचा? तो बघायचा तर सप्टेंबर ते मार्चच्या दरम्यान जावं लागतं, लोकरीचे थर अंगावर चढवून. पण डॉक्युमेंटरीवाल्यानं महिना काही सांगितला नव्हता, आणि आपल्याकडे सुट्टी मेमध्ये. झालं, निघाले! आणि थंडीत गेले असते तरी तो पोपटी रंग तस्साच दिसला असता याची खात्री नाहीच. कॅमेरा काही सेकंद उजेड गोळा करत बसतो. आपले डोळे अंधारात रंग ओळखायला कच्चे. पुष्कळांना नुसती पांढुरकी पट्टी दिसते, आणि मग फोन वर धरून ती हिरवी करून घ्यावी लागते. म्हणजे तिथं जाऊनही शेवटी स्क्रीनच!

पूर्वी सभ्य घरांत सहल ठरायची ती मेहुण्याला विचारून. मेहुणा जाऊन आलेला असायचा. त्याच्या पाकिटात हॉटेलचं कार्ड, ड्रायव्हरचा नंबर आणि जिभेवर “तिथं मिसळ खाऊ नका, पोट बिघडतं” हा सल्ला कायम तयार. आता त्या मेहुण्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. जेवणं उरकली की दिवे घालवायचे, टीव्ही लावायचा, आणि ड्रोन दरीवरून उडाला की सगळं घर चिडीचूप. मग रिमोट बाबांच्या हातात. “थांब थांब, पॉज कर! मागे घे. तो बोर्ड वाच काय लिहिलंय.” बोर्ड थाई लिपीत. मुलगा फोनचा कॅमेरा टीव्हीवर धरून भाषांतर करतो. निघतं काय, तर ‘येथे वाहने लावू नयेत’. आई ते वहीत उतरवून घेते. पाऊण तासाचा एपिसोड बघायला मध्यरात्र उलटते, आणि याला म्हणे ‘प्लॅनिंग’ म्हणायचं!

बरं, जुन्या काळी आपल्याला असले कार्यक्रम नव्हते असंही नाही. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ‘सुरभि’ लागायचं. सिद्धार्थ काक आणि आपली रेणुका शहाणे देशाच्या कानाकोपऱ्यातली कला, देवळं, जत्रा दाखवायचे. कुणी दुसऱ्या दिवशी बॅग भरून पळालं का? छे! स्पर्धेच्या प्रश्नाचं उत्तर पोस्टकार्डावर लिहायचं, पेटीत टाकायचं आणि रेणुकाच्या हसण्याची तारीफ करत झोपी जायचं. किती संयमी प्रेक्षक होतो आपण!

आता ‘बी’ विंगमधल्या काकूंचं ऐका. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘स्ट्रीट फूड’ आली. त्यात बँकॉकची जय फाय दिसते. सत्तरी ओलांडलेली बाई, धगीपासून बचाव म्हणून डोळ्यांवर स्कीइंगचा गॉगल, समोर कोळशावर रटरटणारी कढई आणि तिच्यात खेकड्याचं जाडजूड ऑम्लेट. मिशलिनचा तारा मिळालेली बाई आहे ती, गंमत नाही. काकूंनी ठरवून टाकलंय, बँकॉकला गेलं की पहिलं तिच्याकडे. काकू, तुम्ही चातुर्मासात कांदालसूणही खात नाही! ते ऑम्लेट हजार बाहतांच्या वर जातं, आणि त्याच्यासाठी तासन्‌तास रांगेत उभं राहावं लागतं. एपिसोडमध्ये रांग किती दिसते? दोन सेकंद. आणि तेवढ्यातही लोक हसतच असतात.

हनोईची कथा तर याहून वरताण. २०१६ च्या मे महिन्यात, टीव्हीवर जगभर खात फिरणाऱ्या अँथनी बोर्डेननं आपल्या कार्यक्रमासाठी तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बराक ओबामांना तिथल्या एका साध्याशा बुन चाच्या, म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस आणि शेवयांच्या, दुकानात नेलं. प्लॅस्टिकची स्टुलं, स्टीलचं टेबल, थंडगार बिअर आणि बिल सहा डॉलर, तेही बोर्डेननं भरलं. केवढा साधेपणा म्हणून जग विरघळलं. पुढे दुकानदारानं काय केलं? ते टेबल काचेच्या पेटीत बंद केलं! म्हणजे ज्या टेबलाशी बसायचं म्हणून माणूस विमानात चढला, त्या टेबलाशीच आता बसता येत नाही. शेजारच्या टेबलावरून बघत बघत जेवा.

लांबचं कशाला, लेहचं घ्या. समुद्रसपाटीवरच्या मुंबईतून पहाटेच्या विमानानं उठून माणूस एकदम साडेतीन हजार मीटरवर उतरतो. डॉक्टर सांगतात, पहिले ४८ तास पडून राहा, पाणी प्या, धावपळ करू नका. डॉक्युमेंटरीत काय होतं? विमानाची चाकं धावपट्टीला टेकतात आणि पुढच्याच शॉटला बाईक खारदुंग लाच्या वळणावर. मधले दोन दिवस गेले कुठे? एडिटिंगच्या टेबलावर. त्या दोन दिवसांत डोकं ठणकतं, जेवण जात नाही, नवरा-बायकोत “कुणाची आयडिया होती ही?” यावर सविस्तर चर्चा होते. यातलं एवढंसंही पडद्यावर येत नाही. आणि मग आपले वीर पहिल्याच संध्याकाळी बाईक भाड्यानं घेतात आणि रात्री ऑक्सिजनचा सिलिंडर शोधत फिरतात.

आणि घरच्या कासचं काय? पठारावरचं ‘सीतेची आसवं’ हे फूल पडद्यावर थाळीएवढं दिसतं, पाकळीवरच्या शिरासुद्धा मोजून घ्या. प्रत्यक्षात ते नखाएवढं. कॅमेरावाला मॅक्रो लेन्स लावून सकाळभर चिखलात पालथा पडलेला होता, आपण ऑनलाइन नोंदणी करून उभ्या उभ्या दुरून बघतो. त्यातून रविवार असेल तर फुलांपेक्षा सेल्फी स्टिक जास्त. टोपली कारवी बघायची म्हणून हट्ट धराल तर ती सात वर्षांनी एकदा फुलते. डॉक्युमेंटरी मात्र रोज रात्री नऊ वाजता फुलवते.

खरी गोम इथंच आहे. सहल आखायची म्हणजे मधल्या वेळाची सोय लावायची: रांग, व्हिसा, हंगाम, उंची, कोणत्या वारी काय बंद, सुटे पैसे, स्वच्छतागृह. डॉक्युमेंटरी हाच मधला वेळ वेचून वेचून काढून टाकते. शेंगा सोलून दाणे पुढ्यात ठेवावेत तसं. दाणे खाऊन शेंग कशी सोलायची ते थोडंच कळणार?

हे माझ्यासारख्या कुचक्या बाईचं मत म्हणून सोडून देऊ नका. ज्यांनी जन्मभर प्रवासपट बनवले, त्यांचंच वागणं बघा. जगाला घरबसल्या फिरवणाऱ्या बीबीसीनं २००७ मध्ये चक्क ‘लोनली प्लॅनेट’ ही गाइडबुकवाली कंपनी विकत घ्यायला घेतली. आपल्या कार्यक्रमांवर एवढा भरवसा होता, तर पुस्तकांच्या मागे कशाला लागले हो? पुढे २०१३ मध्ये तोट्यात विकून मोकळे झाले, तो भाग वेगळा. अमेरिकेतले रिक स्टीव्ह्‌ज युरोपावरचे कार्यक्रम वर्षानुवर्षं करताहेत. पण तेही कार्यक्रमाच्या जोडीला गाइडबुकं विकतात आणि ती सुधारून पुन्हा पुन्हा काढतात. म्हणजे बघा, जीभ चाळवायची टीव्हीवर आणि ट्रेनची वेळ सांगायची पुस्तकात. दुकानदारालाच माहीत आहे कोणत्या बरणीत काय आहे. गिऱ्हाईक तेवढं फसतं.

तरीपण सरसकट सगळ्यांना फासावर चढवू नये. टीव्हीवर प्रवास दाखवणारा मायकेल पॅलिन नावाचा एक सज्जन गृहस्थ आहे. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीच्या वाटेनं तो १९८८ मध्ये विमान न वापरता जगाला फेरी मारायला निघाला, ऐंशी दिवसांची मुदत घालून. दुबईहून मुंबईला तो एका ढाऊ गलबतातून आला, गुजराती खलाशांबरोबर, उघड्या डेकवर झोपून. पोट बिघडलं, दिवस वाया जाताहेत म्हणून जीव टांगणीला लागला, आणि हे सगळं त्यानं दाखवलं. एका खलाशाच्या कानाला आपला वॉकमन लावून ब्रूस स्प्रिंगस्टीन ऐकवला, तेही दाखवलं. ऐंशी दिवसांच्या आत लंडनला परतला, तर ज्या रिफॉर्म क्लबातून निघाला होता त्या क्लबानं त्याला शेवटी आत घ्यायला नकार दिला! तेही लपवलं नाही. त्याचं वेळापत्रक आज कुणाच्या काडीच्या उपयोगाचं नाही. पण बोट चुकते, माणसं मदत करतात, हातात दोन दिवस राखून ठेवावेत, हे शहाणपण त्याच्याकडून मिळतं आणि ते शिळं होत नाही.

तेव्हा निकाल ऐका, मी तरी हाच देते. कुठं जायचं आणि का जायचं, एवढं डॉक्युमेंटरीला विचारावं. तिथं गेल्यावर चपला कुठं काढायच्या, कुणाचा फोटो काढू नये, जेवताना काय करतात, हेही बघून घ्यावं. त्यात ती मेहुण्यापेक्षा सरस. पण कधी, कसं, कितीत आणि किती दिवस, यातलं एक अक्षर तिला विचारू नये. आणि कोणती डॉक्युमेंटरी भरवशाची, तेही ओळखता येतं. निवेदकाला एकदा तरी ताटकळताना, घाम पुसताना, पैसे मोजून देताना, नाहीतर “आज बंद आहे” हे ऐकताना दाखवलंय का? दाखवलं असेल तर बसा पुढे. सगळीकडे सोनेरी ऊन, रिकामा रस्ता आणि हसरी म्हातारी असेल, तर ती जाहिरात समजा आणि भाजी निवडायला घ्या.

सगळ्यात उपयोगाचा भाग मात्र कुणीच बघत नाही. तो शेवटी येतो: श्रेयनामावली. तिथं नावं वाचा जरा. स्थानिक फिक्सर, म्हणजे परवानग्या काढणारा, दारं उघडून देणारा, कुणाच्या ओळखीनं कुणाकडे नेणारा माणूस. मग ड्रायव्हर. ड्रोन उडवणारा. दुभाषा. डॉक्टर. कुठल्या कुठल्या खात्यांचे आभार. निवेदक म्हणत होता, “मी एकटाच या वाटेनं निघालो,” आणि खाली लग्नाच्या पत्रिकेला लाजवील एवढी नावं! तुमच्याबरोबर यातलं कोण येणार आहे, ते आधी मोजा आणि मग तिकिटं काढा. पण नावं सरकायला लागली की ते नेटफ्लिक्स त्यांना कोपऱ्यातल्या टीचभर चौकोनात ढकलतं आणि पुढचा एपिसोड लावतं. आणि आमची मंडळी? लगेच पुढच्या देशाला निघालेली! नॉर्वेवाल्यांच्या घरात म्हणे काल रात्री पेरू लागलं होतं.