दाब, धर, सोड

उभी हयात ऑडिट खात्यात दुसऱ्यांची व्हाउचरं तपासण्यात घालवलेला माणूस गॅरेजवाल्याच्या बिलावर विश्वास ठेवेल, ही अपेक्षाच चुकीची. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमधून असे एक काका हमखास सापडतात. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी असते. ती कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा काकांच्या डोक्यावर केस होते. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 सालची. वीस वर्षांची मुदत भरली आणि 2023 मध्ये तीही रस्त्यावरून गेली. मुंबईकरांनी हळहळ व्यक्त केली. काकांनी बातमीचं कात्रण फाईलला लावलं आणि म्हणाले, "आता स्पेअर स्वस्त होतील."

गाडी फारशी कुठे जात नाही. महिन्यातून एकदा मंडई, वर्षातून एकदा नरसोबाची वाडी. पण पॅडल "जरा खाली जातंय" हा संशय त्यांना दर पावसाळ्यानंतर येतोच. पूर्वी हे काम गॅरेजात व्हायचं. मग एका बिलात 'किरकोळ' या सदराखाली साडेतीनशे रुपये निघाले. तपशील मागितला तर मेकॅनिक हसला. त्या दिवसापासून ब्रेक घरी.

शनिवारी काका नाना पेठेत जातात. जुना ब्रेक शू वर्तमानपत्रात गुंडाळून नेलेला असतो, खिशात व्हर्नियर असतो. दुकानदार त्यांना बघितल्याबरोबर पोऱ्याला चहा सांगायला पाठवतो, कारण आता तासाभराची निश्चिंती.

रविवारी सकाळी सात वाजता बनियन, ऑफिसातली जुनी टेरिकॉटची पँट आणि करोनातला उरलेला मास्क. मास्क उगाच नाही. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून तोंडाने फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. काकांच्या शेजाऱ्यांचं खरं दुःख हेच आहे, की काका बहुतेक वेळा बरोबर असतात. चुकीच्या माणसाला सहन करणं त्या मानाने सोपं.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम. वर्षानुवर्षं झिजून ड्रमच्या काठाला कंगोरा येतो आणि शू त्यात अडकतात. आधी ॲडजस्टर ढिला केला की ड्रम निमूट निघतो. हे काकांना पाठ आहे. तरी ते आधी हातोडीच मारतात. ब्रेकचं काम निघालं आहे हे सी विंगलासुद्धा कळायला नको का? एका वेळी एकच बाजू उघडायची आणि दुसरी नमुन्याला बंद ठेवायची, हा त्यांचा कडक नियम. तरीही एखादी स्प्रिंग उडतेच. मग पाण्याच्या टाकीमागे पोरं शोधायला लागतात. सापडवून देणाऱ्याला एक लिमलेटची गोळी. 1985 पासून दर बदललेला नाही.

पण खरा सोहळा एअर काढण्याचा. त्याला दुसरा माणूस लागतो, आणि काकांच्या हाताखाली दुसऱ्यांदा यायला तयार असलेली व्यक्ती जगात एकच आहे. काकू मेथीची जुडी आणि परात घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसतात. मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सर्वांत लांबचं चाक डावीकडचं मागचं, सुरुवात तिथून. निपलला सलाइनची नळी, नळीचं दुसरं टोक खोकल्याच्या बाटलीतल्या ब्रेक ऑइलात.

"दाब!"

"दाबलं."

"तीनदा दाब आणि धर!"

"धरलंय."

काका निपल सैल करतात. बुडबुडे येतात.

"अहो, खाली गेलं!"

"जायलाच पाहिजे!"

"मग ओरडताय कशाला?"

निपल बंद होईपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. आणि नेमका तेव्हाच बारावीतला एक पोरगा विचारतो, "काका, ऑइल दरवेळी नवीन का?" झालं. डॉट थ्री ऑइल हवेतला ओलावा ओढतं, कोरडं असताना ते 205 अंशांना उकळतं, ओलावा मुरला की 140 लासुद्धा उकळू शकतं, मग खंबाटकी उतरताना ब्रेक तापले की ऑइलची वाफ, आणि वाफ दाबली जाते पण ब्रेक लागत नाही... काका आडवे पडूनच सांगत असतात, पाना हातात, निपल उघडं. काकूंचा फोन वाजतो.

"सोडलंस?"

"ताईचा फोन होता."

"हवा गेली आत!"

"जाऊ दे. तुमचं संपलं नव्हतं म्हणून मी घेतला."

पुन्हा डावीकडचं मागचं. मेथी संपते, लसूण येतो. चार चाकांत मिळून या दोघांचं जेवढं बोलणं होतं तेवढं आठवडाभरात होत नाही, असं माझं निरीक्षण आहे. पण हे त्यांना सांगायची माझी छाती नाही.

दुपारी चाचणी. काका गेटपर्यंत वेगात जातात, पॅडल दाबतात, आणि वॉचमनच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर पद्मिनी खिळल्यासारखी उभी राहते. खुर्ची आधीच रिकामी झालेली असते.

"चल, ताईकडे सोडतो तुला. बघ तरी कसा लागतोय ब्रेक!"

काकू पर्स सावरत रस्त्यावर येऊन रिक्षाला हात करतात.

"अगं, त्याचे ब्रेक कुणी केलेत, कसे केलेत, काही माहिती आहे का तुला?"

"नाही ना," रिक्षात बसत काकू म्हणतात, "म्हणून तर निर्धास्त आहे."