पेणहून अलिबाग, मार्गे लातूर

पेण ते अलिबाग अंतर सुमारे तीस किलोमीटर. वडखळचा नाका मोकळा असेल तर एसटी तासाभरात सोडते. (वडखळचा नाका मोकळा असतो असे आम्हीही ऐकून आहोत.) अलिबागेत 2021-22पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, शंभर जागांचे. आता सांगा, पेणच्या मुलाने तिथे कसे पोचायचे?

आधी नीट या मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या क्लाससाठी लातूरला जायचे. चारशेहून जास्त किलोमीटर. तिथे दोन वर्षे कॉट बेसिसवर राहायचे, मेसची पातळ आमटी प्यायची आणि दर रविवारी टेस्ट द्यायची. एवढे करून नशिबाने साथ दिली तर अलिबाग, नाहीतर नंदुरबार. कारण अलिबागच्या शंभर जागांत रायगडकरासाठी म्हणून राखीव एकही नाही. पूर्वी आपल्या विभागातल्या मुलांना 70 टक्के जागा देणारे 70:30चे सूत्र तरी होते, तेही 2020 साली गेले. म्हणजे आपला पोरगा नंदुरबारला आणि नंदुरबारचा अलिबागला. दोघांच्या आया एकाच वेळी फोनवर विचारणार, “जेवलास का रे?”

ज्यांना लातूर परवडत नाही त्यांच्यासाठी दिवा गाडी आहे. रोह्याहून पनवेलच्या क्लासला निघालेली पोरगी खिडकीशी बसते, मांडीवर एमसीक्यूचे विटेएवढे पुस्तक. नागोठण्याला ती मेंडेलच्या वाटाण्यांत असते, कासू येईपर्यंत मूत्रपिंडात शिरते. शेजारच्या मावशी साडी घोट्याच्या वर घेऊन सुजलेला पाय दाखवतात. “बघ गं बाय, डॉक्टरीन व्हायची ना तू? आठ दिवस उतरत नाय.” पोरगी मान वर करत नाही. तिची चूक नाही. पायाच्या सुजेला खाली चार पर्याय दिलेले नसतात.

नीट म्हणजे 180 प्रश्न, 720 गुण; बरोबर उत्तराला चार, चुकले तर एक वजा. पेपर मराठीतूनही मिळतो, ही सरकारची कृपा. अकरावी-बारावीचे विज्ञान मराठीतून शिकवणारे कॉलेज मात्र शोधून दाखवा! आणि कॉलेज तरी कुठले? हजेरीपट एका गावात, मुलगा दुसऱ्या गावात, याला ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. प्रयोगशाळेतला बेडूक केव्हाच सुटला, आता मुलगाही सुटला.

2024 साली तर निकालात आधी 67 जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. मग ग्रेस गुण काढून घेतले, काहींची फेरपरीक्षा झाली, एका प्रश्नाचे उत्तर बदलले आणि शेवटी उरले 17. पेपर पाटणा आणि हजारीबागला फुटला होता हे सुप्रीम कोर्टानेही मान्य केले, पण परीक्षा रद्द केली नाही. रोह्यातल्या चहाच्या टपरीवर त्या वर्षी एकच संवाद होता. “किती पडले?” “सहाशे दहा.” “अरेरे!” सहाशे दहाला अरेरे म्हणणारा गृहस्थ स्वतः दहावीला इंग्रजीत तीनदा अडकलेला.

गुण पडले की बापाची परीक्षा सुरू. पेणमधला मूर्तिकार घ्या. जुलै-ऑगस्ट म्हणजे त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. कारखान्यात गणपती रांगेने उभे, त्यांच्या डोळ्यांची आखणी चाललेली. आणि नेमके तेव्हाच प्रवेशाच्या कॅप राउंडचे वेळापत्रक लागते. डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, एक वर्ष ड्रॉप घेतला असेल तर त्याचे अ‍ॅफिडेव्हिट. ओबीसी असाल तर 1967च्या आधीचा पुरावा, म्हणजे पणजोबा शाळेत गेले असतील तर पणतू डॉक्टर होणार. आखणीचा ब्रश पाण्यात बुडवून हा माणूस प्रांत ऑफिसला जातो. तिथे कळते की साहेब मीटिंगला अलिबागला गेलेत. साहेबांना अलिबाग लगेच लागते! शिवाय मेडिकल फिटनेसचा दाखला हवा, त्यावर डॉक्टरची सही. या अख्ख्या तयारीत मुलाचा दवाखान्याशी संबंध येतो तो एवढाच.

सरकारी जागा हुकली तर अभिमत विद्यापीठ आहेच. तिथला पूर्ण अभ्यासक्रम कोटीच्या घरात जातो. धाटावच्या एमआयडीसीत डबल ड्युटी करून कोटी किती वर्षांत जमतात, हे गणित नीटला विचारत नाहीत. मग जॉर्जिया, कझाकस्तान. गावाला नकाशात सापडत नसलेले देश कन्सल्टंटच्या बॅनरवर मात्र ठळक असतात.

आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली एक तरुण डॉक्टर रुजू झाला. हिंमतराव बावस्कर, मूळचे जालन्याकडचे. विंचू चावून इथली माणसे मरत होती आणि पुस्तकात धड उपाय नव्हता. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले, नाडी, घाम, रक्तदाब टिपत राहिले. त्यांची निरीक्षणे 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, रक्तदाबावरचे प्राझोसिन विंचूदंशात जीव वाचवते हे त्यांनी दाखवून दिले. पद्मश्री मिळाली 2022 साली. परजिल्ह्यातला माणूस येऊन आपल्या भातखाचरातला विंचू ओळखतो, आणि आमचा मुलगा रविवारच्या टेस्टमध्ये रँक घसरली म्हणून दोन दिवस जेवत नाही.

म्हणून पालकांना एकच विनंती. क्लासचा पहिला हप्ता भरण्याआधी पोराला एका सकाळी उपजिल्हा रुग्णालयात पाठवा, पेणच्या किंवा रोह्याच्या. आजीची शुगर तपासायची असेलच, तिला सोबत द्या. रांगेत त्यालाच उभे करा, आजीला बाकावर बसवा आणि दुपारी घरी आल्यावर विचारा, अजून डॉक्टर व्हायचंय का? खर्चाची चिंता नको. आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.