बारीशिवाय सोंड वळत नाही

मालवण-कुडाळकडच्या एखाद्या वाडीत श्रावणात भरदुपारी पखवाज ऐकू आला आणि देवळाला कुलूप दिसलं, तर समजावं की गणपतीची शाळा भरली. या शाळेचा मास्तर म्हणजे भाई. खरं नाव रेशनकार्डावर असेल. असा भाई दर दोन वाड्यांमागे एक सापडतो, आणि भजनाचा आवाज टिपेला लागल्याशिवाय त्याचा हात मातीला लागत नाही.

सिंधुदुर्गात डबलबारी न ऐकलेला माणूस सापडणं कठीण, पण घाटावरच्यांसाठी सांगतो. दोन भजनीबुवा समोरासमोर बसतात, एकमेकांना पुराणातले पेच घालतात आणि गाण्यातूनच ते सोडवतात. भाईचं सगळं काम बारीच्या क्रमावर बेतलेलं. स्तवनाला माती मळायची, रूपाच्या अभंगाला पोट धरायचं, गवळण लागली की सोंड. गजराला मात्र नाजूक काम नाही. गजरात हात आपोआप उडतात, आणि मागे एकदा उंदराचे कान सशाएवढे झाले होते. ते गिऱ्हाईक भलं. "आमचो उंदीर ऐकता बरो," म्हणून मूर्ती घेऊन गेलं.

बारी नवी चालत नाही. नव्या बारीत समोरच्या बुवाने प्रश्न टाकला की भाई कोरणी खाली ठेवतो आणि स्वतःच उत्तर शोधत बसतो. अर्धा दिवस त्यातच जातो. जुन्या बारीतलं उत्तर, त्यावरची टाळी, मधला कोणाचा तरी खोकला, सगळं त्याला पाठ. त्यामुळे कान निवांत असतात आणि हात चालतात. एकाग्रतेचे वर्ग भरवणाऱ्यांनी एकदा भाईच्या पडवीत येऊन बसावं.

रंगाला दशावतार. तिथेही पथ्य आहे. आडदशावतारात संकासुर मालवणी झाडायला लागला की ओठांना ब्रश लावायचा नाही. हसू आवरत नाही आणि देवाचे ओठ वाकडे होतात. युद्धाचा पखवाज सुरू झाला की पीतांबर रंगवायचे. चार पीतांबर एका लढाईत होतात. आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र १९७७ साली सुरू झालं, तेव्हापासून शाळेत रेडिओही आहे, पण तो बातम्यांपुरता. बाकी सगळी भिस्त आधी कॅसेटवर होती, आता पुतण्याने दिलेल्या स्पीकरवर.

हा पुतण्या मुंबईचा. चतुर्थीच्या आधी लॅपटॉप घेऊन येतो आणि त्याच पडवीत ऑफिसचं काम करतो. त्याने एकदा भाईच्या कानात बिनशब्दांचं संगीत घातलं. भाई पाच मिनिटं गप्प राहिला, मग म्हणाला, "ह्या गाणा आसा की मिक्सर?" पुतण्याने शास्त्र काढलं. १९९३ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, तर आकृत्यांची कोडी त्यांना जास्त चांगली सुटली. मात्र तो परिणाम पाव तासात ओसरला. भाईने एवढंच ऐकून घेतलं. "पाव तासान उतारता ता औषध कसला? आमची बारी रातभर चलता."

वीज गेली की मात्र पंचाईत. पावसाळ्यात ती जातेच. मग पुतण्याला पेटी काढावी लागते, आणि त्याला एकच गवळण येते. त्या दिवशी शाळेत नुसत्या सोंडा तयार होतात.

आता खरं सांगायचं तर बारीचा आवाज एवढा मोठा असण्यामागे दुसरंही कारण आहे. मूर्तीसाठी पाट देऊन गेलेले लोक दर दोन दिवसांनी येऊन उंबऱ्यात उभे राहतात. "भाई, आमचो झालो काय?" एकाला उत्तर दिलं की तो खुर्ची ओढतो, चहा मागतो आणि जमिनीच्या वादावर येतो. भाई मान वर न करता स्पीकरचा कान पिळतो. माणूस दोन मिनिटं ओठ हलवतो, मग हात जोडून निघून जातो. जाताना वाटेत सांगतो, "भाईचा ध्यान म्हणजे ध्यान!"

त्याच्या मूर्ती देखण्या असतात, यात वादच नाही. तुमचा पाट अजून घरी असेल तर या आठवड्यात पोचवा. खाली खडूने नाव घाला, मूर्तीची उंची सांगा, आणि काय बोलायचं ते स्तवनातच बोलून घ्या. एकदा गवळण लागली की भाई कोणाचा नाही.